पोत्याचा टाका

बाबा,

ओसरीवर पांढरं कापड अंथरून तुम्ही मला त्यावर उताणी झोपवलं होतंत आणि निळीच्या पुरचुंडीनं माझ्याभोवती रेघ ओढली होतीत, तो दिवस मला अजून सबंध आठवतो. मी चौथीत होते. चौदा एप्रिलची जयंती दोन दिवसांवर आली होती. गावातल्या टेलरकडे महिनाभर आधी टाकलेलं कापड घडीसुद्धा न मोडता त्याच्या फळीवर पडून होतं. त्या सकाळी तुम्ही विचारायला गेलात, तर तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "जयंतीची गर्दी हाय. पोरीचं मागून पाहू." तुम्ही म्हणालात, "मंग कापड दे वापस." तेव्हा त्यानं मान वर केली आणि हसला. "कोन शिवते? तुमी? पोतं शिवता तसं पोरीले शिवान का?" हे तुम्ही घरी येऊन मायला जसंच्या तसं सांगितलंत, त्याच्या आवाजात. कापड काखेत होतं आणि कान लाल झाले होते. तुम्ही तालुक्याच्या बाजारात हमाली करायचात. ज्वारीची, तुरीची पोती भरून झाली की दाभण आणि सुतळी घेऊन त्यांची तोंडं शिवणं हे तुमचं काम. सुई तुम्ही त्याआधी कधी हातात धरली असेल असं मला वाटत नाही.

मायनं आधी समजावून पाहिलं. "तुमाले काय येते त्यातलं? मांगच्या वर्षीचा फ्रॉक घालन ते." तुम्ही म्हणालात, "दिवसाले शंभर कट्ट्यांचे तोंडं शिवतो मी. एकाचा तरी दाना सांडला का कधी?" त्यावर माय म्हणाली, "कट्ट्याले श्वास घ्या लागत नाई." हे तिचं वाक्य तुम्ही मनावर घ्यायला हवं होतं, पण तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं होतं. टेप घरात नव्हताच. कोळशानं रेघ ओढायला तुम्ही चुलीकडे निघालात तशी माय ओरडली, "पांढऱ्यावर कोयसा?" आणि तिनं कपड्यांना घालायची नीळ चिंधीत बांधून तुमच्या हातात दिली. मी झोपले आहे. कापड थंड लागतं आहे. तुम्ही गुडघ्यावर बसून माझ्या कानाजवळून सुरुवात करता, खांद्यावरून हातावर येता आणि काखेत पोचता, तशी मला गुदगुली होते. "हालू नको, पोरी. हालली तं फ्रॉकाले पोट येईन." मी ओठ दातांत धरून हसू दाबते, पण पोट हलतंच. रेघ उडी मारते. तुमच्या श्वासाला तुरीच्या भुश्शाचा वास येतो. रेघ पूर्ण झाल्यावर तुम्ही मला दोन्ही बगलांत धरून उभं उचलता आणि खाली कापडावर हातपाय पसरलेली एक निळी मुलगी उरते. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत उभे राहतो. "बरी आली नं?" तुम्ही विचारता. माय म्हणते, "तुमच्यावानी दिसते. खांदे पाहा."

दुसऱ्या दिवशी बाजाराला सुटी होती. तुम्ही लिंबाच्या सावलीत पोतं टाकून बसलात आणि सकाळपासून शिवत राहिलात. मायची बारीक सुई तुमच्या बोटांत हरवायची. दाभणाची सवय झालेला हात तिला इतक्या जोरानं ढकलायचा, की पहिल्या तासात दोन सुया मोडल्या. दोरा ओवायचं काम माझं. टाका मात्र तुम्हाला एकच येत होता, पोत्याचा. चार टाके झाले की सुई मागे फिरवायची, गाठ ओढायची, पुन्हा चार. दुपारी तुम्ही म्हणालात, "झाला." मी हात वर केले. तुम्ही वरून फ्रॉक घातलात आणि तो माझ्या कपाळावर अडकला. गळ्याची गोलाई तुम्ही लोट्याचं तोंड ठेवून काढली होती. माझे दोन्ही हात बाह्यांत वर ताणलेले, डोकं आत, बाहेर मायच्या हसण्याचा आवाज. ती हसता हसता खालीच बसली. तुम्ही मात्र हसला नाहीत. माझ्याभोवती एक फेरी मारलीत, म्हणालात, "थांब," आणि कैची माझ्या मानेमागून सरळ कमरेपर्यंत चालवलीत. मी आत असताना! मी किंचाळले आणि त्याच क्षणी माझं डोकं बाहेर आलं. मग कळलं की दोन्ही बाजूंनी तो इतका घट्ट आहे, की माय म्हणाली तसा श्वास खरंच घेता येत नाही. तुम्ही दोन्ही शिवणीही उभ्या कापल्यात. मायच्या जुन्या निळ्या लुगड्याचा काठ काढून त्याच्या दोन पट्ट्या बगलेपासून खालपर्यंत घातल्यात. मागच्या फटीला तीन बटणं लागणार होती. ती तुम्ही अंगातल्या शर्टाची काढलीत.

मिरवणुकीत सगळी पांढऱ्या कपड्यांतली मुलं, आणि त्यात मी एकटीच अशी, जिच्या फ्रॉकला दोन्ही बाजूंनी निळा काठ आहे आणि सगळ्या शिवणींवरून नीळ पुसट दिसते आहे. कोळशाची असती तर डाग म्हणाले असते. निळीची होती, म्हणून बायका मायला विचारत होत्या, "हे डिजाइन कोठून केलं व बाई?" माय तुमच्याकडे बोट दाखवायची. तुम्ही ढोल वाजवणाऱ्यांच्या मागे चालला होतात, शर्टाची वरची तीन बटणं नाहीत, बनियन उघडी, आणि तुमच्या चेहऱ्यावर असं हसू, जसं मी नंतर फार कमी वेळा पाहिलं. टेलर त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं मला थांबवलं, शिवण दोन बोटांत धरून ओढून पाहिली, पुन्हा ओढली. मग तुम्हाला म्हणाला, "कापड फाटन, पन हे उसवत नाई." आणि आवाज खाली करून, "चारी बाजूनं दोन बोटं माया सोडा लागते. तुमी रेघेवरच कापलं." तुम्ही मान हलवलीत. शिवणकामात कापडाच्या काठाला जी जास्तीची जागा सोडतात तिला माया म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं. घरी येऊन तुम्ही मायला चूक समजावून सांगितलीत, "माया सोडाची राहून गेली," आणि ती म्हणाली, "आता पुढच्या फ्रॉकात दुप्पट सोडा. पोरगी वाढतीच हाय."

पुढचा फ्रॉक झाला, त्याच्या पुढचाही. दोनेक वर्षांनी तो टेलर मुलाकडे राहायला निघाला. त्याचं सगळं सामान तुम्ही एकट्यानं ट्रकमध्ये चढवलंत आणि मजुरी म्हणून त्यानं त्याचं जुनं हातमशीन तुमच्यासमोर ठेवलं. मूठ तुटलेली होती. तुम्ही मोडक्या विळ्याची मूठ काढून तिथं ठोकलीत. ती फिरवताना कचकच वाजायची आणि कोंबड्या पळायच्या. त्या मशीनवर काय काय शिवलं, बाबा! लग्नाच्या मांडवाचं फाटलेलं गुलाबी कापड तुम्ही मांडववाल्याकडून मागून आणलं होतंत. त्याचा घेरदार झगा झाला, आणि त्याला झालर मूळचीच होती. शाळेच्या पडद्याची मला सलवार झाली, त्यावर मधोमध एका ठिकाणी शाईचा डाग होता म्हणून तिथं तुम्ही खिसा लावलात. तुमच्या एका धोतरातून उशांच्या खोळी, माझा परकर आणि उरलेल्या तुकड्यांतून मायचे दोन हातरुमाल निघाले. तुमची पद्धत अशी होती, की आधी कापड हातात घेऊन बघत बसायचं. काय शिवायचं हे तुम्ही ठरवत नव्हतात. "हे काय व्हाले तयार हाय ते पाहू," म्हणायचात. शेजारपाजारच्या बायका पाहायला यायच्या. मायला मात्र शेवटपर्यंत शिवण आलं नाही. "मले सुई दिसली का झोप येते," असं ती म्हणायची, आणि खरंच यायची.

तुम्ही मला रागावलात तो दिवस त्याच मशीनचा. मी आठवीत असेन. तुम्ही बाजारात आणि माय निंदणाला गेलेली पाहून मी स्वतःच काहीतरी करायचं ठरवलं. तुम्ही मायच्या पोलक्यासाठी जांभळं कापड जपून ठेवलं होतंत. मी तिचं जुनं पोलकं उसवून त्याच्या मापानं कापत गेले. पाठ बरी आली. पुढचे दोन भाग बरे आले. बाह्या कापताना एक तुकडा तसाच ठेवून दुसरीही कापली, उलटवायची असते हे डोक्यातच आलं नाही. जोडायला गेले तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. कापड संपलं होतं. मी घाबरून सगळं गोळा केलं आणि मागच्या कोठ्यात म्हशीच्या कुटाराच्या ढिगात खोल खुपसून टाकलं. संध्याकाळी तुम्ही म्हशीला कुटार घालायला गेलात आणि टोपल्यात जांभळी बाही आली. तुम्ही ती तशीच हातात धरून ओसरीवर आलात. मला वाटलं आता कापड वाया घालवल्याबद्दल बोलाल. तुम्ही म्हणालात, "बिघडलं तं बिघडलं. पुरलं काहून?" मी रडायला लागले. तुमचा आवाज वाढला. "म्हशीनं खाल्लं असतं म्हंजे? तिच्या पोटात गेलं असतं म्हंजे? लपवलेलं कोनाले सुधरवता येत नाई. समोर ठेव. समोर ठेवलं का काहीतरी होते." इतक्या मोठ्यानं तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात, आणि ओरडून झाल्यावर तुम्हीच कुटाराचे कण एक एक करून कापडावरून वेचत बसलात.

मग आपण दोघांनी ते पोलकं पूर्ण केलं. दुसरी डावी बाही तुम्ही उजव्या मुंढ्याला फिरवून, ओढून, काखेत एक चौकोनी तुकडा घालून बसवलीत. मायनं ते घालून हात वर केला, खाली केला, मागे नेला. "अहो, माहा उजवा हात बी डावा करून टाकला तुमी," ती म्हणाली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. "मीनंच कापलं," एवढंच म्हणालात. त्या पोलक्यात तिचा उजवा हात खांद्याशी थोडा ओढलेला राहायचा. तिनं ते तीन वर्षं शेतात वापरलं आणि बायकांना सांगायची, की ह्या पोलक्यात कापूस वेचायला हात आपोआप पुढे जातो.

आता मला त्या गोष्टीकडे यायचं आहे, जी मी तुमच्याशी कधी धड बोलले नाही. बारावीनंतर वाशिमला नर्सिंगच्या कोर्सला माझा नंबर लागला. गणवेश पांढरा सलवार-कुडता. तुम्ही दोन जोड शिवलेत. तोवर तुमचा हात बसला होता, माया सोडायला तुम्ही चुकत नव्हतात, गळा डोक्यात जात होता. पण तुम्ही प्रत्येक कुडत्याला पाच खिसे लावलेत. दोन खाली, एक छातीशी, एक आतून आणि एक लांबट, फक्त पेनासाठी. "कामाले चालली तू. कामाच्या मानसाले खिसे लागते," तुम्ही म्हणालात. होस्टेलवर पहिल्याच दिवशी मुली माझ्याभोवती जमल्या. त्यांच्या कुणाच्याच कुडत्याला खिसा नव्हता. थर्मामीटर, पट्टी, डायरी सगळं हातात घेऊन फिरायच्या. "कुठल्या टेलरकडून शिवलास?" एकीनं विचारलं. त्या मुलींचे वडील कुणी मास्तर, कुणी तलाठी. मी म्हणाले, "आहे आमच्या गावी एक टेलर." तोंडातून निघून गेलं. एकदा गेलं ते गेलं, मग मी त्या टेलरबद्दल अजून दोन-तीन गोष्टी रचून सांगितल्या. तो मोठ्या शहरात शिकून आला आहे, असंही सांगितलं.

महिन्याभरानं तुम्ही मला भेटायला आलात. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, डोक्याला बाजारातला तोच रुमाल. मुलींनी तुम्हाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा पाजला. आणि एकजण म्हणाली, "काका, तुमच्या गावच्या त्या टेलरला सांगा ना, आमच्या कुडत्यांनापण असे खिसे लावून द्यायला." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी फरशीकडे पाहिलं. मुलींच्या काही लक्षात यायच्या आत तुम्ही हसलात. "सांगतो नं. मानूस तसा हमाल हाय, पन शिवते बरा." त्या हसल्या, त्यांना काही कळलं नाही. "माप द्यायचं का?" "माप कायले? खिसाच लावाचा हाय. कुडते द्या." सहा मुलींचे सहा कुडते तुम्ही रुमालात बांधलेत आणि ते गाठोडं पोतं टाकावं तसं पाठीवर टाकून निघालात. मी स्टँडपर्यंत सोबत आले. गाडी लागली तेव्हा विचारलंत, "लाज वाटली तुले?" मी हो म्हटलं. "शिलाईची, का माह्या धंद्याची?" मी गाडीच्या पाटीकडे बघू लागले. तुम्ही अगदी सहज म्हणालात, "शिलाई वाकडी असन तं सांग, सुधरवतो. धंदा काही आता सुधरत नाई." आणि गाडीत चढलात. खिडकीतून हातानं खूण केलीत, जाय, जेवून घे.

तो आठवडा मी कसा काढला ते काय सांगू. पुढच्या रविवारी तुम्ही फाटकातून आत आलात आणि मी धावत गेले, तुमच्या पाठीवरचं गाठोडं उतरवून घेतलं आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर जवळजवळ ओरडूनच म्हणाले, "हे माझे बाबा. टेलर हेच आहेत. दुसरा कुणी नाही. हे बाजारात हमाली करतात आणि घरी शिवतात." मग जिनं पहिल्यांदा विचारलं होतं ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?" मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "तिनं तेव्हाच सांगतलं असतं तं तुमी मले चहा तरी पाजला असता का? टेलरले कोनी चहा पाजत नाई." आणि मुली फिस्सकन हसल्या आणि पुन्हा चहा आणायला पळाल्या. गाठोडं उघडलं. सहा कुडत्यांना सहा तऱ्हेचे खिसे. एका कुडत्याचे सगळे खिसे डाव्या बाजूला. त्या मुलीनं चकित होऊन विचारलं, "काका, मी डावखुरी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" "तूच तं त्या दिवशी डाव्या हातानं पान्याचा गिलास देल्ला." प्रत्येक खिशाच्या दोन्ही टोकांना, जिथं ओढ बसते तिथं, मशीनची टीप नव्हती. तिथं पोत्याचा टाका होता, हातानं घातलेला. पुढच्या महिन्यात आमच्या शिकवणाऱ्या सिस्टरनी मला बाजूला बोलावून स्वतःचा एप्रन दिला. "घाई नाही," त्या म्हणाल्या, "पण पेनाचा तो लांब खिसा हवाच."

तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी सकाळी चहा मागितलात, अर्धा प्यालात. माझं लग्न पाहिलंत, माझी मुलगी पाहायची राहिली. मशीन माझ्याकडे आलं. मूठ तीच. कोंबड्या आता नाहीत, म्हणून कचकच ऐकून फक्त माय जागी होते आणि पुन्हा झोपते. हो, माय माझ्याकडेच असते. दात गेले, जीभ आहे.

मी मानोऱ्याच्या पुढे एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. स्कुटीवरून तांड्यातांड्यांवर फिरते, लसी, गरोदर बायांच्या तपासण्या, लहान मुलांची वजनं. माझे सगळे कपडे मीच शिवते. नियम असा काही नाही, हाताला तशी सवय लागली. चादरीचा कुडता, साडीचा कुडता, दोन ओढण्या जोडून केलेला कुडता, आणि सगळ्यांना खिसे. गेल्या दिवाळीआधी एका तांड्यावर लसीकरण चाललं होतं. ऊस तोडायला जाणाऱ्या बाया सामान बांधत होत्या. तुम्हाला माहीत आहे, त्या साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, पानं कापू नयेत म्हणून. एक म्हातारी माझ्या कुडत्याच्या खिशात हात घालून पाहत होती. स्वतःच्या काचळी म्हणतात त्या चोळीवरचे आरसे दाखवत ती म्हणाली, "सिस्टर, आमच्यापाशी आरसे लय हायेत, खिसा एक नाई. मोबाईल कोठी ठेवाव? पोराचं लसीचं कार्ड कोठी ठेवाव?" तिच्या सुनेच्या अंगावर नवऱ्याचा शर्ट होता, बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. मी सुनेला म्हटलं, "काढ तो. रविवारी घेऊन ये."

रविवारी ती एकटी आली नाही, नऊजणी आल्या. क्वार्टरच्या अंगणात पोती टाकून आम्ही बसलो. मी माया कशी सोडायची ते सांगत होते आणि त्यांतल्या अर्ध्या जणी माझ्यापेक्षा चांगले टाके घालत होत्या. आरसे बसवणारे हात ते, त्यांना काय शिकवणार! मी फक्त बाहीचं लोंबणारं टोक कापून त्याचाच खिसा करायचा हे दाखवलं. एकीनं खिसा पाठीवर लावला. "पुढं मोळी येते," ती म्हणाली, आणि मला ते सुचलंच नसतं. एकीनं आतून लावला आणि कशासाठी ते सांगायला तयार नव्हती, त्यावरून एवढा हशा झाला की माय बाहेर आली. दिवाळीनंतर त्या गेल्या आणि होळीच्या सुमारास परतल्या तेव्हा ते शर्ट चिंध्या झाले होते, खिसे शाबूत होते. आता रविवारी अंगण रिकामं नसतं. नवरा म्हणतो, "आपन इथी राहतो का दुकानात?" पण सगळ्यांसाठी चहा तोच ठेवतो.

पाच-सहा आठवड्यांपूर्वी माझी ओढणी स्कुटीच्या चाकात गेली. मला काही झालं नाही, ओढणी गेली. पण घरी येऊन मी ठरवलं, की आता स्वतःसाठी एक पँट शिवायची. पन्नाशी उलटलेल्या बाईनं, इतकी वर्षं साडी आणि सलवारमध्ये काढल्यावर. पँट कशी असते ते कळायला नवऱ्याची एक पँट उसवली. तो म्हणाला, "उसवाच्या आधी इचारलं तं असतं. आज घालाची होती मले." मी दहा दिवस त्या तुकड्यांशी झगडले. चेन दोनदा उलटी बसली. मागचा भाग पुढे लागला. मी काही लपवलं नाही, सगळं खाटेवर पसरून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या बाया सल्ले देत गेल्या, आणि शेवटी ती झाली, करड्या रंगाची, सहा खिशांची. सगळ्यांनी कौतुक केलं. मुलीला फोटो पाठवला, ती अमरावतीला शिकते. तिनं उत्तरात नुसते बदाम पाठवले, मग लिहिलं, "आई, माझ्यासाठी पण." मी सगळ्यांना सांगून टाकलं, की येत्या लसीकरणाच्या दिवशी हीच घालून येणार.

हे पत्र टाकायचं नाहीच, ते मी मशीनच्या पेटीत सुयांच्या डबीखाली ठेवीन. पण लिहिलं आहे तर एक खरं सांगते, बाबा. त्यानंतर लसीकरणाचे तीन दिवस येऊन गेले आणि तिन्ही वेळा मी सलवार घालून गेले. एकदा म्हटलं इस्त्री झाली नाही, एकदा म्हटलं ऊन फार आहे, तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. दुपारी नवरा कामावर असतो आणि माय झोपलेली असते, तेव्हा मी दार लावून घेते, पँट घालते आणि दोन्ही खिशांत हात घालून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालते. काल तशीच चालत होते. वळून पाहिलं तर माय जागी. किती वेळ बघत होती कोण जाणे. म्हणाली, "जमली तं हाय. आता अंगनापर्यंत तं जाय."

मी गेले. अंगणापर्यंत.